वाईनवाल्या भाचीबरोबर ठाणे-डोंबिवली

लोक वाईन बघायला परदेशात जातात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई जाऊन आल्या आणि अजून फोटो दाखवायच्या थांबलेल्या नाहीत. मी ठाण्याला गेले. जिच्या गच्चीवरून द्राक्षांचे मांडव दिसतात अशी नाशिकची बाई वाईन बघायला ठाण्याला जाते, म्हणजे उलटी गंगाच की! पण गेले. त्या बाजूला मुद्दाम कुणी जात नाही, म्हणून तिथलं प्रवासवर्णनही कुणी लिहीत नाही. मी लिहिते.

कारण माझी भाची गार्गी. माझ्या धाकट्या बहिणीची, शैलाची, एकुलती एक. फूड टेक्नॉलॉजी शिकली, इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग तिनं वाईनचा डिप्लोमा केला, आणि एका कंपनीनं तिला विक्रीला लावून ठाणे-कल्याण-डोंबिवली हा इलाखा तिच्या गळ्यात बांधला. शैलाची झोप उडाली. मायलेकींची भांडाभांडी होऊन शेवटी तह झाला तो असा: कंपनीनं महिनाअखेर कायम केलं तर शैला पुन्हा तोंड उघडणार नाही, नाही केलं तर गार्गीनं मुकाट्यानं नाशिकला घरी यायचं आणि आई दाखवेल ती स्थळं बघायची. दिवाळी नुकतीच झालेली, महिना संपत आलेला. शैला मला म्हणाली, "ताई, तू जा. पोरीचं काय चाललंय ते बघ, आणि येताना तिला घेऊनच ये."

मला ते काम आवडलं. मी जन्मभर पोस्टाच्या खिडकीमागं बसले, त्यामुळं माझं तोंड फटकळ आहे. दारूबद्दलचं माझं मत मला कुणी विचारत नाही, तरी मी सांगते.

कोपर, बुधवार

गार्गी कोपरला एका खोलीत राहते. कोपर म्हणजे डोंबिवलीच, पण इमारती एकमेकींना इतक्या चिकटून, की गॅलरीतून हात लांब केला तर समोरच्यांच्या कढईतली भजी उचलता येतील. नाशकात आमच्याकडं दोन घरांच्या मध्ये निदान एक पेरूचं झाड तरी मावतं. घरमालकीणबाई समजतात की पोरगी द्राक्षाच्या रसाच्या कंपनीत आहे. तसं खोटंही नाही म्हणा.

खोलीत एक खाट, आणि खाटेखाली ओल्या गोणपाटात आडव्या झोपवलेल्या बाटल्या. खिडकीला काळा कागद. डोक्यावर पंखा करकरतोय, अंगाला घाम, आणि बाटल्यांना मात्र गारवा.

"वाईनला ऊन सोसत नाही गं मावशी," गार्गी म्हणाली.

"आणि तुला सोसतं?"

सकाळी उठून लोक देवाला उदबत्ती लावतात. ही डब्या हुंगते! दालचिनी, लवंग, ओली माती, चामड्याचा तुकडा, कुजका पेरू, असल्या वीसेक डब्या. डोळे मिटायचे, डबी उघडायची, ओळखायचं. नाकाला सवय राहते म्हणे. मी म्हटलं, "अगं, एवढं नाक कुत्र्यालाही लागत नाही." ती हसली आणि पुढची डबी उघडली.

ठाणे, त्याच दिवशी दुपारी

टेंभी नाक्याच्या पुढं एका दुकानावर ठळक अक्षरात पाटी होती, 'वाईन शॉप'. आत वाईन सोडून सगळं. पुढं लोखंडी जाळी, जाळीला एक खिडकी, आणि खिडकीपुढं पुरुषांची झुंबड. रेशनवर रॉकेल मिळायचं तेव्हाही अशीच गर्दी व्हायची, पण तिथं निदान रांग असायची. गार्गी त्या घोळक्यातून "एक्स्क्यूज मी" करत मागच्या दारानं आत गेली, मी पदर सावरत तिच्या मागं.

वाईन होती. सगळ्यात वरच्या फळीवर, काचेच्या कपाटात, धुळीनं माखलेली, आणि पश्चिमेचं ऊन थेट तिच्या तोंडावर. गार्गी स्टुलावर चढली आणि एकेक बाटली पुसायला लागली.

"शेठ, या आडव्या ठेवा ना. आणि जरा सावलीत."

"मॅडम, आडवी ठेवली तर लेबल कसं दिसेल? आणि लेबल दिसत नाही, तर ठेवू कशाला?" शेठ गल्ल्यावरून न उठताच म्हणाले. "तसंही वाईन थर्टी फर्स्टला निघते. लेडीज लोक नेतात."

तेवढ्यात एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थांनी व्हिस्की घेतली. बाटली आधी वर्तमानपत्रात, मग काळ्या पिशवीत, मग ती पिशवी ऑफिसच्या बॅगेत डब्याच्या खाली. मग डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि गेले. आमच्या नाशकात चोरसुद्धा एवढं इकडंतिकडं बघत नाहीत! मी गार्गीला म्हटलं, "ज्या गावात लोक बाटली अशी पळवतात, तिथं तू लेबल दाखवून विकणार?" ती स्टुलावरून उतरली. हात काळे झाले होते.

नंतर मिसळ खाल्ली. ठाण्याच्या मिसळीचं फार ऐकलं होतं. चांगली आहे. नाशिकची नाही.

संध्याकाळी घोडबंदर रस्त्यावरच्या एका टोलेजंग सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये 'टेस्टिंग' होतं. म्हणजे फुकट प्यायला बोलावणं. माणसं नटूनथटून आलेली. एक गृहस्थ पेला इतका गरागरा फिरवत होते की वाईन उसळून शेजारच्या बाईंच्या पांढऱ्या ड्रेसवर गेली. तरी ते डोळे मिटून म्हणतात, "आय गेट वेट अर्थ." मी म्हटलं, "तो माळ्यानं आत्ताच शिंपडलेल्या कुंड्यांचा वास आहे." ते गृहस्थ माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. एकीनं बर्फ मागितला, एकीनं स्प्राईट. एकानं विचारलं, यात कॅलरी किती? सगळ्यांनी पेला हातात धरून फोटो काढले आणि बाटली एकानंही घेतली नाही.

गार्गीच्या साहेबाचा फोन तिथंच आला. हा साहेब अंधेरीला बसतो. मी त्याला पाहिलेलं नाही, हे त्याचं नशीब. फोन स्पीकरवर होता, म्हणून ऐकलं.

"हे छोटेमोठे इव्हेंट नको गार्गी. मला एक मोठा दाखव. दोन-तीनशे लोक, हातात आपली वाईन, टेबलावर बॉटल, लेबल क्लिअर दिसलं पाहिजे. सोमवारपर्यंत फोटो पाठव, मी तुझं कन्फर्मेशन पुढं टाकतो. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत."

गार्गी "येस सर" म्हणाली. मला आतून बरं वाटलं, ते लपवत नाही. सोमवारपर्यंत ही पोरगी दोन-तीनशे माणसं कुठून आणणार होती? मी मनातल्या मनात तिचं सामान बांधायलाही घेतलं.

डोंबिवली, गुरुवार

डोंबिवलीत एका गृहस्थांकडं वडिलांच्या पंचाहत्तरीचा मोठा कार्यक्रम होता. हॉल, दोनशे पानं, नातेवाईक अमेरिकेहून येणार, म्हणून जेवणाआधी वाईन ठेवायची टूम निघालेली. गार्गीनं हे गिऱ्हाईक महिनाभर जपलं होतं. घर लखलखीत. कांदेपोहे आले, वर खोबरं-कोथिंबीर, आणि पोहे खरंच मऊसूत झाले होते. डोंबिवलीला पोहे येतात, हे मी मान्य करते.

गृहस्थ म्हणाले, "आम्हाला जरा मॉडर्न करायचंय, पण घर शुद्ध शाकाहारी आहे. वाईन व्हेजच ना? द्राक्षंच ती."

आता इथं 'हो' म्हणायचं असतं. पोस्टातला शिपाईसुद्धा 'हो' म्हणाला असता. गार्गी म्हणाली, "काका, आमची लाल वाईन निवळायला अंड्यातला पांढरा बलक वापरतात. नंतर गाळून काढतात, बाटलीत राहत नाही. पण वापरतात."

"अंडं?" काकांनी चमचा खाली ठेवला.

"अगं बाई, अंडं?" आतून काकू.

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला, पण बाण सुटला होता. काका फार सभ्य, म्हणाले, कळवतो. डोंबिवलीत 'कळवतो' म्हणजे जिना उतरा.

जिन्यात मी तिला धरली. "तुला कुणी विचारलं होतं?"

"त्यांनीच विचारलं होतं मावशी."

"मग हो म्हणून मोकळं व्हायचं! विक्रीला उभं राहिलेल्या माणसानं असं सत्यनारायण होऊन चालतं का?"

"त्यांना नंतर कळलं असतं तर?"

"कोण सांगणार होतं? ती कोंबडी?"

ती हसली नाही. कल्याणला अजून दोन हॉटेलं केली. एकात मॅनेजरनं लाल वाईन थेट फ्रीझरमधून काढली, तिच्यात बर्फाचे कण तरंगत होते. दुसऱ्यात म्हणाले, आमच्याकडं फॅमिली येते, वाईन नको; आणि शेजारच्याच टेबलावर चार फॅमिलीतले पुरुष बिअरमध्ये बुडाले होते. परतताना गार्गी रिक्षात डोकं टेकून झोपली. झोपेत ती लहानपणासारखीच दिसते. मी बाहेर बघत राहिले.

एक गावठाण, शुक्रवार

या गावठाणाचं नाव मी लिहिणार नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. का, ते वाचताना कळेल. ठाण्याच्याच पोटात आहे, एवढं पुरे.

इथं पाठवण्याची अक्कल साहेबाची. "तिकडं कॅथलिक वस्ती आहे, लग्नाचा सीझन आहे, आणि वाईन तर ते लोक पितातच. जा, उचल ऑर्डर." सरळ हिशोब! पोर्तुगीज काळापासून ही मंडळी किरिस्ताव आहेत, भातशेती करायची. आता शेतांवर टॉवर उभे राहिलेत आणि मध्ये कौलारू घरांचा एक पुंजका उरलाय. दारात क्रूस, क्रूसावर झेंडूची माळ, अंगणात लग्नाचा मांडव. रविवारी घरच्या नातीचं, ग्रेसीचं लग्न होतं. ओट्यावर तिची आजी बसलेली, रेजिनाबाय. तांबड्या चौकड्यांचं लुगडं, पुढ्यात लसणाचा ढीग.

"काय गो पोरी, काय विकतंस?"

"वाईन, आजी."

म्हातारी इतकी हसली की लसूण सांडला. आत बघून सुनेला ओरडली, "मेरी, अगो भायेर ये! आमचे घरा वाईन विकाला आली ही!" मग गार्गीकडं वळून, "कोल्याचे दारान मासली विकाला जाशील का गो?"

साहेबाला जे कळलं नव्हतं ते आम्हाला त्या ओट्यावर कळलं. या घरांत वाईन पितात ती घरची. काळ्या मनुकांची, घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं घातलेली. लग्नात नवरा-नवरीच्या नावानं पेले उचलतात ते तिच्याच वाईनचे. तिथं दुकानाची बाटली मांडली, तर पाहुणे काय समजतील?

"म्हातारी मेली, नायतर कामातशी गेली," रेजिनाबाय म्हणाली.

घर बघण्यासारखं होतं. स्वयंपाकघरात फळीवर बिअरच्या तपकिरी बाटल्यांची ओळ. मी भुवया वर केल्या. मेरी म्हणाली, "मसाला हाय मावशी. वर्षाचा मसाला आमी बाटलीन ठोसून भरतो. काळ्या काचेन रंग जात नाय." वाईनच्या बाटल्या उन्हात भाजणाऱ्या त्या शेठला इथं शिकवणीला पाठवला पाहिजे. मग फुगिये आले. फुगिये म्हणजे गोल, फुगलेले, जरा गोडसर तळलेले पाव. आपल्या भोपळ्याच्या पुऱ्यांना लाज वाटेल असे हलके. आणि छोट्या पेल्यात मागच्या नाताळची वाईन. रेजिनाबाय ती आता खोकल्यावर देते. मी ओठाला लावली. दाट, गोड, दालचिनीची. बरी होती.

गार्गीनं मात्र पेला नाकाशी धरला आणि डोळे मिटले. मग म्हणाली, "आजी, लग्नाची बघू?"

म्हातारीला तेच हवं होतं. मुलगा पास्कल गच्चीवर गेला आणि पत्र्याच्या खोलीतून निळा प्लास्टिकचा ड्रम घेऊन आला. लग्नाचं घर म्हणून खाली नव्या टाइल्स बसवल्या, तेव्हा चिनी मातीच्या बरण्या आड येत होत्या. पास्कलनं सगळी वाईन एका मोठ्या ड्रममध्ये ओतून वर पत्र्याखाली ठेवली होती. ड्रम अर्धा रिकामा. झाकण अर्धवट उघडलं, चार चिलटं उडाली, आणि गार्गीचा चेहरा उतरला. मला काहीच वास आला नव्हता.

"काय गो?" रेजिनाबायनं विचारलं.

मी मनात म्हटलं, पोरी, आज तरी तोंड मीट. पण ही कसली ऐकतेय!

"आजी, ही गेली. हवा लागली आणि वर ऊन. शिरका झालाय, व्हिनेगर."

"काय पन बोलतेस मॅडम, आयची वाईन कदी गेलेली नाय," पास्कल तडकला. म्हातारीनं बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, आणि तशीच नव्या टाइल्सवर बसली. मग पास्कलकडं बघून म्हणाली, "टायली लावल्यास मेल्या, टायली! ने आता पाव्हन्यांना टायली चाटाला दे." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. पंचाहत्तरीपुढची बाई, लहान मुलीसारखी. मला रडणारी माणसं आवडत नाहीत, पण हिचा राग येईना.

बऱ्याच वेळानं तिनं गार्गीला जवळ ओढलं. "तुजी बाटली माजे बरनीन वतली तर चालंल?"

"चव नाही जुळणार आजी. आमची कोरडी आहे, तुमची गोड, मसाल्याची."

"जुळवशील?"

आता या पोरीला दोन वर्षं शिकवलं होतं, की वाईनमध्ये बाहेरून काहीही घालणं म्हणजे पाप. क्लबहाऊसमधल्या बाईनं बर्फ मागितला तेव्हा हिचं तोंड कडू झालेलं मी पाहिलं होतं. ती त्या खोकल्याच्या बाटलीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "ही मला नमुन्याला द्या. जुळवते."

"आन कोनाला कलता नये गो. माजे मरनापरेन."

"नाही कळणार."

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "आणि तुझ्या साहेबाला हवा तो फोटो?" तेव्हा कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तीनशे माणसं, सगळ्यांच्या हातात तिची वाईन, आणि लेबल दाखवायचं नाही!

तिथंच, शनिवार

पास्कलनं दुकानातून गार्गीच्या कंपनीच्या वाईनची खोकी आणली ती मागच्या दारानं. स्वयंपाकघराला आतून कडी. आत आम्ही चौघी: रेजिनाबाय, मेरी, गार्गी आणि मी, मनुका निवडायला. गार्गीनं केस बांधले, साखर लोखंडी कढईत जाळली, काळी होईतो. मनुका उकळल्या, दालचिनी, लवंग, आल्याचा तुकडा. मग एका भांड्यात थोडी वाईन घेऊन थेंबथेंब घालत गेली. चाखायची आणि मोरीत थुंकायची.

"अगो, थुकतंस काय?" रेजिनाबाय हबकली.

"प्यायले तर दुपारपर्यंत मी झोपेन आजी."

नमुना नाकाशी, मग भांडं नाकाशी. डोळे मिटलेले. रेजिनाबायनं चाखलं, मान हलवली. "अजून ना. माजी जीभंवर बसते, ही पलून जाते." गार्गीनं मनुकांचं पाणी आटवून पुन्हा घातलं. पुन्हा नाही. मग तिनं फुगियांचं पीठ भिजवलेल्या भांड्याचा वास घेतला आणि विचारलं, "आजी, तुम्ही यात गहू टाकता का? भाजलेला?" म्हातारी तिच्याकडं बघतच राहिली. मूठभर गहू टाकायचे हे तिनं सांगितलंच नव्हतं, तिला ते सांगण्यासारखं वाटलंही नव्हतं. गहू भाजले, उकळले, ते पाणी गेलं. रेजिनाबायनं चाखलं. दुसऱ्यांदा चाखलं. "माजी आय गो!" म्हणाली आणि गार्गीच्या दोन्ही गालांना धरलं.

तीन दिवस मी एका पडेल विक्रेतीबरोबर जिने चढत होते. ही ती नव्हेच. या पोरीला दारोदार फिरवणारा तो साहेब केवढा गाढव असला पाहिजे! आणि शैला? आणि डब्या हुंगते म्हणून हसणारी मी? जाऊ दे.

संध्याकाळी बँड आला. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून वाजतगाजत घागरी आणतात आणि नवरीला न्हाऊ घालतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. आपल्या हळदीची बहीणच. फक्त आपल्याकडं मुहूर्तावरून भांडतात, इथं बँडवाला कुठलं गाणं आधी वाजवणार यावरून भांडत होते. रेजिनाबाय सगळ्यांच्या पुढं नाचत होती. बरण्या भरून झाकल्या होत्या.

तिथंच, रविवार

चर्चमधून मंडळी मांडवात आली. केक कापला, पेले भरले, कुणीतरी भाषण केलं आणि सगळ्यांनी पेले उचलले. गार्गी माझ्या शेजारी बसून लोकांची तोंडं बघत होती. लोक प्याले, आणि परत मागायला लागले. एक म्हातारा म्हणाला, रेजिनानं यंदा जीव ओतून काम केलंय.

मी हळूच म्हटलं, "मागं पोत्यात रिकाम्या बाटल्या आहेत. चार टेबलावर मांड, फोटो काढ, उचल. कुणाचं लक्ष नाही." होय, मीच म्हटलं. तिला न्यायला आलेली मी.

"मावशी, कुणीतरी बघेल."

"बघू दे! तुझी नोकरी आहे अगं."

"आणि तिची?" रेजिनाबायकडं बघत असं म्हणून तिनं फोन पर्समध्ये टाकला.

तेवढ्यात नवऱ्याचा मामा आमच्या टेबलाशी आला. गळ्यात सोन्याची साखळी, हातात तिसरा पेला. पास्कलनं ओळख करून दिली, या वाईन कंपनीच्या मॅडम. मामा मोठ्यांदा हसला, आजूबाजूची टेबलं वळली.

"काय मॅडम, बघितली का आमची वाईन? एवढी मोठी तुमची कंपनी, एवढ्या मशिनी. जमंल का तुमाला असं बनवाला?"

पलीकडच्या टेबलावर रेजिनाबाय होती. तिनं ऐकलं. तिची मान खाली गेली, ताटात, आणि तिथंच राहिली. सांग ना बाई, मी मनात ओरडले, एक शब्द सांग! ती नाही बोलली.

गार्गी उठून उभी राहिली. "नाही काका," म्हणाली, "आमच्या कंपनीला नाही जमणार."

सगळे हसले, टाळ्या पडल्या. मामानं तिच्या पेल्यात आणखी वाईन ओतली. मला त्या म्हाताऱ्या बाईचा इतका संताप आला की मी सोरपोतेल, म्हणजे त्यांचं डुकराचं आंबट-तिखट मटण, पानात तसंच टाकून उठले. आणि ते फार चांगलं झालं होतं, हेही खरं. बाहेर गार्गी मला म्हणाली, "ती बोलली असती तर कालचं सगळं फुकट गेलं असतं गं."

कोपर, सोमवार

साहेबाचा फोन आला. फोटो नव्हते. तो म्हणाला की एरिया डेव्हलप होत नाहीये, की कंपनी तिला शुभेच्छा देते. शुभेच्छा! गार्गीनं "थँक यू सर" म्हटलं आणि फोन ठेवून खाटेवर पडून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काही सुचलं नाही, आणि जे सुचलं ते साहेबाच्या आईबद्दल होतं.

दुपारी उठून तिनं तोंड धुतलं आणि कुणाला तरी बराच वेळ फोन केला. मी सामान बांधलं. निघताना पास्कल आला, आईनं दिलंय म्हणून बिअरच्या बाटलीत ठोसलेला मसाला देऊन गेला. नाशिकच्या बसमध्ये ती बाटली माझ्या मांडीवर. कंडक्टर एकदा बाटलीकडं बघायचा, एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडं. मी म्हटलं, "मसाला आहे." तो म्हणाला, "हो, हो, आजी."

नाशिक

शैला दारातच उभी होती, भाकरतुकडा घेऊन. "सुटलं बाई एकदाचं," म्हणाली आणि लेकीवरून ओवाळून टाकला.

गार्गीनं चपला काढल्या. "आई, पुढच्या सोमवारपासून दिंडोरीला जातेय. वाईनरीत. हंगाम तोंडावर आलाय, त्यांना आत माणसं हवीत. आधी टाक्या धुवाव्या लागतील, मग वाईन करायला घेतील."

"आपलं काय ठरलं होतं? घरी यायचं!"

"आले की. मला विकता येत नाही आई, करता येते. आणि करतात ती इथंच."

"आणि स्थळं?"

"दाखव ना. रविवारी सुट्टी आहे."

शैला माझ्याकडं वळली. "ताई, तुला कशाला पाठवली होती मी?"

"घेऊन ये म्हणालीस. आणली."

तेव्हापासून शैला माझ्याशी बोलत नाही. गार्गीची बस पहाटे असते, तिचा डबा मीच करते. हंगाम सुरू झाला तेव्हा एके संध्याकाळी ती स्टीलच्या डब्यात टाकीतली कच्ची वाईन घेऊन आली आणि म्हणाली, चाखून सांग. हात कोपरापर्यंत जांभळे झालेले. मी चाखली. आंबट ढाण होती, आणि मी तसं सांगितलं.

"बरोबर," ती खूश होऊन म्हणाली, "अजून व्हायचीय ती."

"मग होईल तेव्हा आण," मी म्हटलं, "आणि तोवर तो डबा घासून टाक. सकाळी त्यात भाजी द्यायचीय."